जुनेर, खोके आणि बालवाडी : मराठी घरांतील मुलांच्या सामानाचा इतिहास

महाराष्ट्रातील घरगुती सामानाचा इतिहास लिहिताना वाड्यातले शिसवी पलंग, सागवानी झोपाळे, पितळी कड्यांचे पाळणे आणि सावंतवाडीचे लाखकाम यांना हक्काची जागा मिळते, कारण या वस्तू टिकल्या, जपल्या गेल्या आणि पुढे संग्रहालयांत पोहोचल्या. परंतु बहुसंख्य मराठी मुले ज्यांत निजली, ज्यांना धरून उभी राहिली आणि ज्यांवर पाटी ठेवून अक्षरे गिरवू लागली, त्या वस्तू बाजारातून विकत आणलेल्या नव्हत्या आणि बहुतेक वेळा नव्या मालाच्याही नव्हत्या. घरात वापरून झालेल्या कापडाच्या, लाकडाच्या किंवा पत्र्याच्या आयुष्यातला तो एक टप्पा होता, आणि मूल मोठे झाले की तेच कापड किंवा तेच लाकूड पुढच्या कामाला लागत असे. मुलाची गरज काही महिन्यांची आणि वस्तूचे आयुष्य मात्र वर्षांचे, या व्यवहारी हिशेबातून ही पद्धत घडली. तिच्यामागे केवळ दारिद्र्य होते असे मानणे अपुरे आहे, कारण सुखवस्तू घरांतही तान्ह्या मुलासाठी जुने कापड मुद्दाम काढून ठेवले जात असे.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत मुलाला स्वतंत्र सामान नसेच. अनेक घरांत नवजात बालकाला मऊ कापड अंथरलेल्या सुपात ठेवण्याची रीत होती. जे सूप एरवी धान्य पाखडण्यासाठी वापरले जाई, तेच काही काळ बिछाना होत असे. शेतावर जाणारी स्त्री मुलाला पाटीत, म्हणजे वेताच्या किंवा बांबूच्या उथळ टोपलीत, घालून डोक्यावरून नेई आणि बांधावर सावलीत ती पाटी ठेवी. बाळंतिणीच्या खोलीत बाज असे. बाज म्हणजे सुंभाने किंवा काथ्याने विणलेली हलकी खाट, आणि तिची वीण सैल ठेवण्यामागे कारण होते: खाली ठेवलेल्या शेगडीचा शेक आणि धुरीचा धूर त्या विणीतून वर पोहोचावा. न्हाऊ घालण्यासाठी तर कोणतेच सामान लागत नव्हते, कारण न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून पाय लांब करी आणि त्या पायांवरच बाळाला पालथे-उताणे घेऊन अंघोळ घाली. पाश्चात्त्य घरांत ज्या कामांसाठी टब, उंच खुर्ची किंवा कठड्याची खाट लागे, त्यांपैकी बरीचशी कामे मराठी घरात माणसाच्या अंगाने, म्हणजे मुख्यतः स्त्रियांच्या अंगाने, पार पडत होती, आणि मुलांचे सामान कमी दिसण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

या सर्वांत सर्वाधिक विचारपूर्वक घडवलेली वस्तू म्हणजे झोळी. ती जुनेराची केली जाई. जुनेर म्हणजे नेसून नेसून विरलेले लुगडे किंवा धोतर, आणि त्याची निवड ही कारागिरीची पहिली पायरी होती. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे असते आणि ते बसण्याच्या भागात आधी विरते. म्हणून काटकसरी गृहिणी विरलेला भाग कापून उरलेली दोन टोके जोडत असे, ज्याला लुगड्याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडेही जेव्हा नेसण्याजोगे राहत नसे, तेव्हा ते जुनेर म्हणून बाजूला पडे आणि घरात बाळंतपण आले की बाहेर निघे. शेकडो धुण्यांनी सुताचा ताठरपणा गेलेला असल्यामुळे नव्या कापडाला न येणारा मऊपणा त्याला आलेला असे, मात्र त्याच कारणाने ते भार पेलण्यास कमजोरही झालेले असे, आणि झोळी बांधण्याचे सगळे कौशल्य या दोन गुणांचा मेळ घालण्यात होते. कापड दुहेरी-तिहेरी घडीत घेतले जाई, गाठी शक्यतो काठांच्या घट्ट विणीच्या भागात मारल्या जात, आणि दोर घराच्या तुळईला किंवा छतातल्या कडीला बांधला जाई. दोन्ही बाजूंचे कापड मिटून मुलाच्या तोंडावर येऊ नये म्हणून वरच्या अंगाला एक आडवी काठी घालून झोळीचे तोंड उघडे ठेवले जाई. ही साधी काठी नसेल तर झोळी धोकादायक ठरते. झोळीला एक लांब दोरी बांधून तिचे टोक हाताशी किंवा पायाच्या अंगठ्याशी घेतले की दळण, निवडण-टिपण अशी बैठी कामे चालू ठेवून मुलाला झोका देता येई. अशा रीतीने झोळी हे मुलाचे सामान होते तितकेच ते काम करणाऱ्या आईचे अवजारही होते, आणि म्हणूनच ते शेतातल्या झाडाच्या फांदीला, बैलगाडीला किंवा ऊसतोड कामगारांच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या तात्पुरत्या खोपटात, सारख्याच सहजतेने बांधले गेले.

झोळीचे काम संपल्यावर तेच कापड फाडून त्याची बाळोती होत, चांगले तुकडे दुपट्यात जात, आणि उरलेले गोधडीच्या, ग्रामीण बोलीत वाकळेच्या, थरांत घालून धावदोऱ्याने शिवले जात. धावदोरा म्हणजे कापडाच्या सगळ्या थरांतून सुई वर-खाली नेत घातलेला सरळ टाका. ओळीशेजारी ओळ अशी दाट शिवण पडत गेली की विरलेले थर एकमेकांना धरून ठेवतात आणि कोणत्याही एका थरापेक्षा सगळी वाकळ अधिक बळकट होते. ज्या घरांत खाट नव्हती तेथे जमिनीवर अंथरलेली ही वाकळच मुलाची खाट होती. वाकळही फाटली की तिचे पोतेरे, म्हणजे जमीन सारवण्याचे किंवा पुसण्याचे फडके, होई आणि शेवटी ते मातीत जाई. या साखळीत कोणत्याच टप्प्यावर वस्तू फेकली जात नसल्यामुळे ती जपलीही जात नसे. पुराव्याचा अभाव हा येथे वस्तूच्या अभावाचा नव्हे तर पूर्ण वापराचा परिणाम आहे, ही गोष्ट भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी इतकी महत्त्वाची आहे.

लाकडाच्या बाबतीत गावगाड्याची रचना कामी येत असे. बलुतेदारीत, म्हणजे गावाच्या कारागिरांना कामाबद्दल सुगीच्या वेळी धान्याचा वाटा देण्याच्या पद्धतीत, सुतार हा प्रमुख बलुतेदारांपैकी एक होता आणि त्याचे मुख्य काम नांगर, कुळव, पाभर व गाड्या यांची घडण आणि दुरुस्ती हे होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे. मोठ्या अवजारांतून उरलेल्या तुकड्यांची सुताराकडे वाण नसे, आणि भोवरा, विटी किंवा मुलाचा छोटा पाट अशा बारीक कामांना ते पुरत असत. उभे राहू पाहणाऱ्या मुलासाठी केलेला पांगुळगाडा याच वर्गातला. तीन चाके, त्यांना जोडणारी चौकट आणि मुलाच्या छातीच्या उंचीवर येणारी आडवी मूठ इतकीच त्याची रचना असते, आणि मूल मूठ धरून पुढे ढकलू लागले की गाडा त्याच्यासोबत सरकतो. हा गाडा एका घरात क्वचितच थांबे. शेजारच्या, भावकीतल्या किंवा माहेरच्या पुढच्या मुलाकडे तो जात राही. पाळण्याचेही तसेच होते, आणि बारशाला पाळणा उसना आणण्यात कोणत्याही घराला कमीपणा वाटत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बंदरांतून आलेल्या मालाने या व्यवहारात दोन नव्या वस्तू आणल्या: पत्र्याचा डबा आणि देवदारी खोके. अमेरिकेतून येणारे रॉकेल त्या काळी पाच अमेरिकी गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या, चौकोनी डब्यांत भरलेले असे आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसवलेले असत. तेल संपल्यावर डबा आणि खोके दोन्ही हाती राहत. या रिकाम्या डब्यांना आशियातील घरांत केवढे मोल होते याचा पुरावा तेलाच्या व्यापाराच्या इतिहासातच मिळतो. १८९२ साली मार्कस सॅम्युएल या व्यापाऱ्याच्या ‘म्युरेक्स’ या टँकर जहाजाने सुएझ कालव्यातून सुटे तेल पूर्वेकडे आणले आणि ते डबाबंद तेलापेक्षा स्वस्त पडेल असा त्यांचा हिशेब होता; परंतु सुट्या तेलासाठी स्वतःचे भांडे घेऊन येण्यास गिऱ्हाईक तयार नव्हते, कारण त्याला तेलाबरोबर डबाही हवा होता. अखेर सॅम्युएल यांना पत्रा आणून पूर्वेकडील बंदरांजवळच लाल रंगाचे डबे तयार करून घ्यावे लागले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने जे केवळ वेष्टन होते, ते घर चालवणाऱ्यांच्या दृष्टीने मालाचाच भाग होते, आणि या एका गोष्टीने जगातल्या एका मोठ्या तेलव्यवसायाला आपली पद्धत बदलायला लावली.

महाराष्ट्रात हे डबे पाणी भरण्यासाठी, धान्य साठवण्यासाठी आणि कापून सपाट केल्यावर छपरासाठी वापरले गेले, आणि मुलांच्या वाट्यालाही ते आलेच. पालथा घातलेला डबा ही बैठक झाली. झाळकाम करणारा कारागीर, म्हणजे कथलाने पत्रे जोडणारा, दोन डबे उघडून झाकणाची पेटी करून देई आणि तीच शाळकरी मुलाची पुस्तके ठेवण्याची जागा व मांडीपुढे ओढून लिहिण्याचे मेज अशी दुहेरी कामाला येई. पत्र्याची कापलेली कड मुलाचा हात चिरू शकते, म्हणून ती आत वळवून ठोकणे हे या कामातले कसब होते. पुढे वनस्पती तुपाचे आणि खाद्यतेलाचे डबे आले तेव्हा कारागिरांचे हेच कसब त्यांच्यावर चालले.

खोक्याचा उपयोग मुंबईत अधिक झाला असावा, कारण खोकी तेथे बंदरामुळे सहज मिळत आणि घरे मात्र फार लहान होती. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतील एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट होते, आणि इतक्या जागेत कुटुंब, कधी गावाकडून आलेले पाहुणे आणि कामगार भाडेकरूही राहत. तेथे मुलासाठी वेगळी खाट मांडणे शक्यच नव्हते. तान्हे मूल कडीला टांगलेल्या झोळीत आणि थोरले जमिनीवर, अशीच व्यवस्था होती. खोके मात्र उभे केले की फडताळ, आडवे केले की बाक आणि पालथे केले की मेज होई. चहाची प्लायवूडची खोकी, ज्यांच्या कडा पत्र्याच्या पट्टीने बांधलेल्या असत, याच कामाला घेतली गेली, आणि कोकणात आंब्याचा हंगाम संपला की पेटीच्या फळ्या अशाच रीतीने घरात फिरत राहिल्या.

याच काळात दूर देशी हेच काम पुस्तकात उतरत होते, ही तुलना उपयुक्त आहे. लुईझ ब्रिघम या अमेरिकी बाईंनी उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावरील कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत, जेथे माल भरून आलेल्या खोक्यांखेरीज लाकूड मिळत नव्हते, खोक्यांपासून घरगुती सामान तयार केले आणि १९०९ साली ‘बॉक्स फर्निचर’ हा ग्रंथ न्यूयॉर्कहून प्रसिद्ध केला, ज्यात अशा १०० वस्तू कृतीसह दिल्या होत्या. मुंबईच्या चाळीत आणि कोकणातल्या घरात त्याच प्रकारचे काम करणाऱ्या लोकांचे ज्ञान मात्र हातातून हातात गेले, कागदावर आले नाही. ते कमी प्रतीचे होते म्हणून नव्हे, तर ज्यांच्याकडे ते होते त्यांना लिहिण्याची साधने आणि सवड नव्हती म्हणून ते अलिखित राहिले.

मुलाच्या मापाचे सामान असावे हे तत्त्व म्हणून मांडले गेले ते बालशिक्षणाच्या चळवळीतून. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि शाळेतले जमिनीला जखडलेले बाक काढून टाकून तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या, लहान मेजे, ठेंगणी कपाटे आणि हात पोहोचेल अशा उंचीवरची हात धुण्याची सोय केली. यामागचा विचार असा होता की, सामान मुलाच्या मापाचे असले तर मूल प्रत्येक कामासाठी मोठ्यांवर अवलंबून राहत नाही. हा विचार गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत सुरू केलेल्या बालमंदिरात रुजवला आणि १९२३ साली तेथे दाखल झालेल्या ताराबाई मोडक यांनी तो मराठी समाजापर्यंत आणला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३०च्या दशकात दादरला शिशुविहार उभे राहिले.

येथे एक अडचण उभी राहिली, आणि ताराबाईंचे खरे मोठेपण तिच्या सोडवणुकीत आहे. युरोपातील पद्धतीतली साधने आणि सामान शहरातल्या मध्यमवर्गीय संस्थेला कशीबशी परवडत, खेड्याला ती परवडणे शक्य नव्हते. शिवाय जो समाज जमिनीवर बसून जेवतो, लिहितो आणि झोपतो, त्याच्या मुलाला खुर्ची-मेजाची किती गरज आहे, हा प्रश्नही होताच. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत तेथे गेल्या. गावातील अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले बालवाडीत येऊ शकत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेण्यात आली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. सारवलेले अंगण हीच तिथली बैठक होती. शंख-शिंपले, खडे, चिंचोके, बिया, पाने, माती आणि घरात निरुपयोगी ठरलेल्या वस्तू ही तिथली साधने होती. मॉन्टेसरींनी जे महागड्या लाकडात साधले ते तत्त्व येथे जमिनीवर उतरले, कारण जमिनीवर बसलेल्या मुलाला प्रत्येक वस्तू आपोआपच हाताच्या अंतरावर येते. आयात केलेल्या पद्धतीला स्थानिक रूप देण्याची इतकी नेमकी उदाहरणे भारतीय शिक्षणाच्या इतिहासात थोडीच सापडतील.

१९५७ साली केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर हलले आणि तेथे वारली मुलांसाठी काम सुरू झाले. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मुली शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर विकासवाडी या एकाच संकुलात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक साधने घेऊन कुरणात जाऊ लागले, आणि तिथे भरणाऱ्या शाळेला कुरणशाळा म्हटले गेले. आईच्या कामाशी जुळवून घेणारे मुलाचे सामान हा जो विचार झोळीत होता, तोच येथे संस्थेच्या रूपात पुन्हा आला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देशभर मिळाले.

शाळेच्या वरच्या वर्गांत टाकाऊ वस्तूंना नवे रूप देण्याच्या या विद्येने वेगळी वाट घेतली. १९३७च्या वर्धा परिषदेनंतर आकाराला आलेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत हातकामाला शिक्षणाचे केंद्र मानले गेले, आणि कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात सुचवलेल्या कार्यानुभवातून ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द मराठी शाळाशाळांत पोहोचले. परंतु शाळेत त्यातून बहुधा शोभेच्या वस्तूच तयार झाल्या. ज्या वस्तूवर मूल खरोखर बसेल किंवा निजेल ती करण्याइतका वेळ आणि हत्यारे वर्गात नव्हती, आणि ही उणीव आजही कायम आहे.

गेल्या चार-पाच दशकांत साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या स्वस्त झाल्या, कापडी पाळण्यांची जागा लोखंडी चौकटींच्या पाळण्यांनी घेतली आणि जुन्या कामाचे कारण बरेचसे संपले. अलीकडे शहरांत मालवाहतुकीची लाकडी पॅलेटे, म्हणजे माल रचण्याच्या फळ्यांच्या चौकटी, आणि पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे यांपासून मुलांचे सामान करण्याची हौस वाढली आहे. ती स्वागतार्ह असली तरी जुन्या काळच्या कारागिरांना नसलेली एक जबाबदारी तिच्यावर येते. जुन्या दरवाजा-खिडक्यांच्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते, आणि भारतात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७पासूनच पूर्णपणे लागू झाला आहे. मूल कड चावते, खरवडते, तोंडात घालते. म्हणून असे लाकूड मुलाच्या सामानासाठी वापरूच नये हे उत्तम, कारण रंग घासून काढताना उडणारी धूळही तितकीच घातक असते. पॅलेटावर ‘एमबी’ अशी खूण असेल तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरावलेले असते आणि ‘एचटी’ असेल तर केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले. मुलांसाठी ‘एचटी’ खुणेचेच लाकूड निवडावे.

झोळीची बांधणी, पांगुळगाड्याची मापे, डब्याच्या पेटीचे झाळकाम आणि खोक्यांची मेजे यांविषयी जे ज्ञान उरले आहे ते आता सत्तरी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांच्या आठवणीत आहे. ज्या घरांत अशी एखादी वस्तू अजून आहे, त्यांनी तिची मापे, छायाचित्र, ती कशापासून, कोणी आणि कोणत्या मुलासाठी केली याची माहिती लिहून काढावी आणि जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा जिल्ह्याच्या संग्रहालयाकडे द्यावी, आणि संग्रहालयांनीही नक्षीच्या पाळण्याशेजारी जुनेराच्या झोळीला जागा करावी.